स्वयंभू कण

धुळीच्या कणांत बोरॉन सापडलं, तेव्हा मी आधी यंत्राला दोष दिला. यंत्राला दोष देणं सोयीचं असतं, ते उलटून बोलत नाही. कणांतली मूलद्रव्यं ओळखणारं ते यंत्र आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेचं नव्हतं, शेजारच्या संस्थेचं होतं, आणि त्यासाठी आम्ही कित्येक महिने रांगेत ताटकळलो होतो. मी नमुना पुन्हा लावला. बोरॉन जागच्या जागी. पुन्हा लावला. बोरॉन होतंच, वर त्याच्या मांडीला मांडी लावून सोडियमही बसलेलं.

"मॅडम, खिडकीची काच?" तौफिक म्हणाला.

तौफिक शिकलगार आमचा यंत्रकार. मूळचा मिरजेचा, वयानं माझ्याहून मोठा, तरी मला मॅडम म्हणायचं सोडत नाही. प्रयोगाची पेटी त्याच्याच हातची, आत बघायच्या खिडकीसकट. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या काचेत बोरॉन असतं, म्हणून त्याची शंका बरोबर होती.

"काच क्वार्ट्झची आहे, तिच्यात बोरॉन नसतं," मी म्हणाले. "तूच हट्ट करून बसवलीस."

"होय की," तो म्हणाला. मी नमुना आणखी एकदा लावायला घेतला. कारण त्या कणांवर माईणकर सरांचं सगळं आयुष्य उभं होतं.

म्हातारा तारा आपल्या अंगावरचे वायू हळूहळू बाहेर सोडत असतो. ते दूर जाता जाता थंड होतात आणि त्यांतून वाळूच्या जातीचे, डोळ्यांना कधीच न दिसणारे कण जमतात. ही ताऱ्यांची धूळ. तिच्यातूनच पुढं ग्रह झाले, कृष्णाकाठची काळी माती झाली, तुम्ही-आम्ही झालो. हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच, की पहिला कण जमतो कसा? वाफेतले रेणू एकमेकांना धडकतात खरे, पण बहुतेक वेळा चिकटत नाहीत, परत उडून जातात. एका पक्षाचं म्हणणं असं, की आधी दुसऱ्या कसल्या तरी पदार्थाचं इवलंसं बीज लागतं आणि मग बाकीचे त्यावर येऊन बसतात. दुसरा पक्ष म्हणायचा की बीजबीज काही लागत नाही, कण आपला आपण जमतो. या दुसऱ्या पक्षात आमचे रघुवीर माईणकर सर एकटेच होते. परिषदांमध्ये लोक त्यांना मागून 'स्वयंभू माईणकर' म्हणायचे. सरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, असा मला दाट संशय आहे.

याचा निकाल जमिनीवर लागत नाही. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं की वाफ सरळ वर जाते. प्रयोगाच्या भांड्यातही तेच होतं: तापलेला वायू वर, गार झालेला खाली, आणि या ढवळाढवळीत कोणता कण कोणत्या तापमानाला जमला ते कळायला मार्ग नाही. वर आणि खाली हा भेदच नसेल तर मात्र वाफ जागच्या जागी थांबते आणि चहूबाजूंनी सारखी थंड होते, ताऱ्यापाशी होते तशी. रॉकेटचं इंजिन बंद पडल्यापासून ते परत हवेत शिरेपर्यंत आतल्या वस्तूंना वजन नसतं. तेवढी काही मिनिटं आम्हाला पुरतात. पूर्वी असं उड्डाण मिळायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. आता लहान रॉकेटं दर आठवड्याला उडतात. एस.टी.त पार्सल चढवावं तशी पेटी चढवायची, समुद्रात पडली की बोटवाले आणून देतात.

आमची पेटी वर गेली, आतल्या तारेनं भुकटीची वाफ केली, आणि ती वाफ थंड होताना लेसरच्या उजेडात धुकं दिसलं. अगदी वरच्या तापमानाला, सरांच्या गणितात होतं जवळजवळ तिथंच. जगभर बातमी गेली. ज्या लोकांनी सरांची टिंगल केली होती त्यांनी अभिनंदन कळवलं, ताऱ्यांची वयं मोजणाऱ्यांनी आपापले आकडे बदलायला घेतले. आम्ही कण तपासले तेव्हा मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि लोह शोधलं, कारण भुकटीत तेच घातलं होतं. ते सापडलं. दुसरं काही शोधायचं आम्हाला सुचलंच नाही. शेजारच्या संस्थेचं यंत्र मात्र न विचारता सगळं सांगतं.

"मॅडम," तौफिक जरा वेळानं म्हणाला, "खंडेनवमीचे फोटो आहेत माझ्याकडे."

त्याच्या आवाजावरूनच मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते, आणि तिचा पुढाकार तौफिकचा. त्याचे पूर्वज संस्थानच्या तलवारींना धार लावायचे. हत्याराची पूजा चुकली तर हत्यार रुसतं, असं तो सांगतो आणि सांगताना हसत नाही. नियम एकच: पेटी सील झाल्यावरच हळदकुंकू, तेही बाहेरच्या खोक्यावर. पण त्या वर्षी रॉकेटवाल्यांनी आमचं उड्डाण लांबणीवर टाकलं आणि सील करणंही लांबलं. पूजेच्या दिवशी पेटी उघडीच होती, आणि पूजा पुढं ढकलायला कुणाची जीभ रेटेना. नेमके सर आणि मंदाकाकू सांगलीहून पेटी बघायला आलेले. काकूंनी कुंकवाचा करंडा सोबत आणला होता.

"ह्याचं कपाळ कुठंय हो?" काकूंनी विचारलं होतं.

"हे काय काकू, डोळ्याच्या वर," तौफिकनं खिडकीची गोल कड दाखवली होती. सगळे हसले होते. सर देवाधर्मातले नव्हेत, ते हात मागं बांधून लांब उभे होते, बसची वाट बघत असल्यासारखे.

फोटोत ते स्पष्ट दिसत होतं. काकूंचं बोट, आणि खिडकीच्या आतल्या कडेला लागलेला लाल ठिपका. सील करताना आम्ही बाहेरचं सगळं पुसलं होतं, आतलं तसंच राहिलं. रॉकेट उडताना जे हादरे बसतात त्यांत त्यातलं थोडंसं सुटलं असणार आणि पडलं असणार थेट तारेपाशी.

मंदाकाकू बाजारचं कुंकू वापरत नाहीत. घरी करतात. सांगलीची हळद, लिंबाचा रस आणि सवागी. सवागी म्हणजे टाकणखार, आणि टाकणखारात सोडियम आणि बोरॉन असतं हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकले होते.

म्हणजे कण आपले आपण जमले नव्हते. जळलेल्या हळदीची काजळी आणि टाकणखार यांनी मिळून बीज पुरवलं होतं. सर बरोबर ठरले नव्हते, चुकले होते, आणि आम्ही त्यांना बरोबर ठरवून साऱ्या जगाला सांगून बसलो होतो.

"चुकी माझीच आहे," तौफिक म्हणाला. "कपाळ मीच दाखवलं."

"गप रे," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि ते त्याला दिसायला नको होतं.

सरांना फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही. विद्यार्थिनी असताना दर रविवारी मी त्यांच्या घरी जेवलेली. माझी आई मी शाळेत असतानाच गेली, आणि त्यानंतर माझ्या ताटात न विचारता वाढणारं माणूस म्हणजे मंदाकाकू. निवृत्तीनंतर ते सांगलीला गेले तरी वर्षातून दोनतीनदा मी तिकडे असतेच. सरांचं वय आता चौऱ्याऐंशी, हृदयात यंत्र बसवलेलं. मी सकाळची गाडी धरली.

विश्रामबागेतल्या घरी गेले तर काकू इरकली साडी खुर्चीवर पसरून बसलेल्या.

"बरं झालं आलीस. ही नेसू का ती हिरवी? रविवारी सत्कार आहे ह्यांचा, तुला पत्रिका आली असेलच. अख्खं गाव लोटणार आहे म्हणे. ह्यांना सांग जरा, भाषणात गणितं नका घालू म्हणावं."

"ही छान आहे," मी म्हणाले आणि आत गेले.

सर खिडकीशी वाचत बसले होते. मी दार लोटून घेतलं. प्रस्तावना करायचा विचार होता, पण सरांपुढं प्रस्तावना चालत नाही. मी आलेख त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, कागद जवळ धरला, लांब धरला.

"सोडियमच्या दुप्पट बोरॉन," ते म्हणाले.

"हो सर."

"दुप्पट म्हणजे टाकणखार."

मी मान हलवली. ते कागदाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर हळूच दाराकडे गेली. दारापलीकडे काकू साडीची घडी घालता घालता काहीतरी गुणगुणत होत्या. सरांना विचारावं लागलं नाही, मला सांगावं लागलं नाही. त्या दिवशी हात मागं बांधून उभे असले तरी बघत सगळं होते.

मला वाटलं, आता ते स्वतःबद्दल बोलतील. पाणी मागतील, छातीला हात लावतील. गोळ्यांची डबी कुठं असते ते मी येतानाच आठवून ठेवलं होतं.

"केतकी," ते अगदी हळू म्हणाले, "मंदाला कळता कामा नये."

"सर, पण तुमचं..."

"माझं काय ते बघू नंतर. तिला कळता कामा नये."

आयुष्यभराचं काम हातातून चाललंय आणि या माणसाला बायकोची काळजी, हे पाहून मला त्यांच्याबद्दल इतका जिव्हाळा वाटला की तो मला झेपेना. मी खिडकीबाहेर बघत बसले. सर मात्र तोवर कामाला लागले होते. त्यांनी कागदाच्या मागं दोन चौकोन काढले.

"एका पेटीत दोन कप्पे. एक स्वच्छ. दुसऱ्यात कुंकू. बाकी सगळं सारखं. स्वच्छ कप्प्यात कण जमले तर मी बरोबर, नाही जमले तर चूक. अंदाजावर कुणाला चूक म्हणू नये, मलासुद्धा."

"कुंकू तेच लागेल सर. काकूंच्या त्याच करंड्यातलं."

"हो," ते म्हणाले, आणि प्रथमच त्यांचा चेहरा पडला. "मागावं लागेल."

जेवताना सरांनी मागितलं. ताटाकडे बघत, मीठ मागावं तसं.

"मंदा, थोडं कुंकू दे केतकीबरोबर."

काकूंचा वाढता हात थांबला. "कशाला?"

"हवंय. प्रयोगाला."

सरांना खोटं बोलता येत नाही. त्यांना फक्त अर्धवट बोलता येतं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचं तोंड असं काही उजळलं की मी मान खाली घातली.

"म्हंजे ह्या खेपेला तुम्ही आपणहून मागायला लागलात! बघ गं केतकी. लग्न झाल्यापासून देवापुढं हात जोडले नाहीत ह्यांनी. मी म्हणायचे, येईल एक दिवस." त्यांनी पदरानं डोळे टिपले, ताटावरून उठून करंडा आणला आणि कागदाच्या पुडीत कुंकू बांधून ती सरांच्याच हातात दिली. "तुमच्या हातानं द्या. चांगलं असतं."

सरांनी पुडी माझ्या हातात ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, काकूंकडेही नाही. आमटी गार झाली तरी ते चमचा फिरवत राहिले.

सत्कारवाल्यांना सरांनी त्याच दिवशी कळवलं, की प्रयोग अजून संपलेला नाही, सत्कार नको. गावात चर्चा झाली. कुणी म्हणालं, तब्येत बिघडली. कुणी म्हणालं, वयानं विक्षिप्त झालेत. काकू दोन दिवस सरांशी मोजकंच बोलल्या आणि इरकली परत कपाटात गेली. हे सगळं मला फोनवर सरांनीच सांगितलं. तक्रारीच्या सुरात नव्हे, शिक्षा मान्य असल्यासारखं.

तौफिकनं नवी पेटी केली. या खेपेला त्यानं पूजा सील झाल्यावर केली, बाहेरच्या खोक्यावर, आणि मग हळदकुंकवाचा डाग असा घासून पुसला की खोक्याचा रंग उडाला. काकूंच्या कुंकवातला मोहरीएवढा भाग तोलून एका कप्प्यात ठेवताना मात्र त्यानं चिमटा दोनदा खाली ठेवला. "आज्जीनं दिलेलं औषध बाळाला पाजतोय असं वाटतंय," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, नीट धर.

उड्डाणाच्या सकाळी सर पुण्याला आले. काकूंना घरी पाहुणे होते म्हणून त्या आल्या नाहीत, आणि सरांनी आग्रहही केला नाही. रॉकेट दक्षिणेच्या किनाऱ्यावरून उडणार होतं. आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. पडद्यावर दोन गोल खिडक्या: डावीकडे स्वच्छ कप्पा, उजवीकडे कुंकवाचा. इंजिन बंद झालं. तारा तापल्या, पिवळ्या झाल्या, पांढऱ्या झाल्या. वाफ भरली, तारा विझल्या, लेसरचा हिरवा उजेड पडला आणि वाफ थंड व्हायला लागली.

उजव्या खिडकीत धुकं आलं. गेल्या वेळसारखंच, त्याच तापमानाला. भरगच्च, सुंदर.

डावी खिडकी स्वच्छ होती.

तापमान उतरत गेलं. सरांच्या गणितातली जागा आली आणि गेली. डावीकडे काहीच नाही. मी मनातल्या मनात त्या रिकाम्या खिडकीची विनवणी करत होते, आणि विज्ञान शिकलेल्या बाईनं असं करू नये हे कळत असूनही करत होते.

"डावीकडचं बंद तर पडलेलं नाही?" सरांनी विचारलं.

"नाही सर. चालू आहे," तौफिक म्हणाला.

"वाफ आहे?"

"भरपूर आहे."

"मग जमत नाही ते," सर म्हणाले. "आपलं आपण नाही जमत."

पेटी परत हवेत शिरली आणि चित्र गेलं. तौफिक उठून बाहेर गेला, कशाला ते मी विचारलं नाही. सर रिकाम्या पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी खुर्चीत पाठ टेकली.

"चुकलो," ते म्हणाले. "थोडंथोडकं नाही, पूर्ण चुकलो. पण काय सुंदर दिसलं गं ते! एवढ्या स्वच्छपणे चूक कळायलाही नशीब लागतं. मला चहा मिळेल का? साखरेचा."

साखर त्यांना बंद होती. मी दोन चमचे घातली.

कुंकू ताऱ्यापाशी नसतं हे उघड आहे. तिथलं बीज दुसरं कुठलं तरी असणार, अॅल्युमिनियमचं किंवा टायटॅनियमचं, आणि ते शोधण्यात आता माझी उरलेली नोकरी जाईल. पण बीज लागतं, हे आता नक्की झालं होतं. लेख ताबडतोब पाठवायला हवा होता, कारण जग आमच्या जुन्या चुकीच्या आकड्यावर चालत होतं. मी मसुदा करून सांगलीला गेले. आणि तिथं, ज्या माणसानं मला दशांश चिन्हानंतरचा आकडा लपवला म्हणून एकदा वर्गाबाहेर काढलं होतं, त्या माणसानं माझ्या मसुद्यातली एक ओळ खोडली.

शास्त्रीय लेखात कुठली भुकटी कुणी बनवलेली ते लिहावं लागतं. मी लिहिलं होतं: घरगुती कुंकू, बनवणार मंदाकिनी माईणकर, सांगली. सरांनी ते खोडून वर लिहिलं होतं: अज्ञात अशुद्धी.

"सर, हे खोटं आहे."

"अर्धवट आहे."

"उद्या कुणाला हा प्रयोग परत करायचा असेल तर तो काय घालेल? अज्ञात?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं. काकू दुपारच्या भजनाला गेल्या होत्या, म्हणून आम्ही मोठ्यानं बोलू शकत होतो, तरी सरांचा आवाज खाली गेला.

"लग्न झाल्यापासून ती माझ्या कामाला हात लावत नाही, केतकी. टेबलावरचा कागद पंख्यानं खाली पडला तरी स्वतः उचलत नाही, मला हाक मारते. क्रम चुकेल म्हणते. सगळ्या आयुष्यात तिनं एकदा माझ्या कामाला बोट लावलं. एकदाच. आणि किती आनंदात लावलं, ते मी बघत होतो. आता तिला सांगू, की त्या बोटानं काय झालं?"

क्षणभर मला वाटलं, जाऊ दे. एका शब्दानं जगाचं काय बिघडणार आहे? काकूंच्या हातची पोळी मी इतकी वर्षं खाल्लेली. अज्ञात तर अज्ञात. मी पेन उचललंसुद्धा. पण ज्या टेबलाशी बसून मी ते लिहिणार होते, त्याच टेबलाशी सरांनी मला लिहायला शिकवलं होतं, आणि माझा हात पुढं जाईना.

"मी खोटं लिहिणार नाही सर," मी म्हणाले. "पण तुम्ही त्यांना सांगेपर्यंत लेख पाठवणारही नाही. कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा."

पेच मी त्यांच्या गळ्यात टाकला आणि पुण्याला आले. दिवस जात होते. तिकडे परदेशातला एक गट आमच्या जुन्या आकड्यावर मोठी मोहीम आखत असल्याची बातमी आली; ती मी सरांना कळवली, वर एक शब्दही न लिहिता. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"ये," ते म्हणाले. "मला एकट्याला जमत नाही."

मी पोचले तेव्हा काकू परातीत भडंग कालवत होत्या. मी येणार म्हणून केलेलं. सर समोरच्या खुर्चीवर बसले होते, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, परीक्षेला बसल्यासारखे.

"मंदा, जरा बस."

"हात भरलेत माझे. बोला की."

"बस."

काकू बसल्या. आणि सरांनी सांगितलं. विद्यार्थ्यांना सांगावं तसं, क्रमानं: तारा, वाफ, कण, पेटी, खिडकीची कड, टाकणखार. एकही शब्द मऊ केला नाही. काकू ऐकत होत्या. त्यांचे तेलातिखटाचे हात परातीवर तसेच राहिले होते.

"म्हंजे तेव्हा जे जमलं होतं," त्या म्हणाल्या, "ज्याच्यासाठी तुमचा सत्कार होता, ते माझ्या कुंकवानं?"

"हो."

"आणि ते नसतं तर तुमचं म्हणणं..."

"माझं म्हणणं चुकीचं आहे."

काकूंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी हात परातीतून काढले आणि मांडीवर ठेवले, साडीला तेल लागतंय याचं भान नव्हतं.

"मी त्या पेटीला हात लावायलाच नको होता," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं नाही लावला. कशाला लावला मी? जगभर हसं झालं असेल तुमचं. आणि परत कुंकू मागितलंत तेव्हा मी आपली..." मी उठायला लागले, सरांनी हातानं मला थांबवलं.

"लेखात तुझं नाव घालायचंय," ते म्हणाले. "कुंकू कुणी केलं ते लिहावं लागतं."

"माझं नाव? तुमच्या चुकीखाली? नको. अजिबात नको. काही दुसरं लिहा."

"मीही तेच म्हणत होतो. केतकी ऐकत नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी आजवर कधी सामोरी गेले नव्हते. सर उठले. गुडघे धरून, टेबलाचा आधार घेत ते काकूंच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी काकूंचा तिखटानं माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. माझ्यादेखत. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं करताना पाहिलं नव्हतं, आणि काकूंच्या चेहऱ्यावरून वाटलं, की त्यांनीही फारसं पाहिलं नसावं.

"अहो, तिखट लागेल."

"लागू दे. ऐक. तू बोट लावलंस म्हणून माझं चुकलं नाही. माझं आधीच चुकलेलं होतं, तुझ्या बोटानं ते उघडं पडलं. नाहीतर ते न कळताच मी मेलो असतो, आणि लोकांनी माझ्या नावानं चुकीची गोष्ट शिकवली असती." सरांनी हात सोडला नाही. "कण आपला आपण जमतो, त्याला कुणी लागत नाही, असं मी जन्मभर सांगत फिरलो, मंदा. मोठमोठ्या सभांत उभा राहून सांगितलं. अंगावरचा शर्ट तू इस्त्री केलेला असायचा. बॅग तू भरलेली असायची. पोरांची आजारपणं तू काढायचीस, म्हणून मी तिकडे जाऊ शकायचो. आणि तिकडे जाऊन मी काय सांगायचो? कुणी लागत नाही म्हणून. लागतं गं. दिसणार नाही एवढंसं का असेना, पण कुणीतरी लागतं. ते मला तुझ्या नावासकट लिहायचंय."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला एक हात मोकळा नव्हता, दुसरा तिखटाचा होता. मीच पुढं होऊन माझ्या ओढणीनं त्यांचे डोळे पुसले. मग त्यांनी नाक ओढलं आणि सरांकडे पाहिलं.

"एवढं कळायला रॉकेट सोडावं लागलं होय तुम्हाला?"

"दोनदा," सर म्हणाले.